डिलिव्हरी रूट विकत घेताना: नफा कोणाचा, कर्ज कोणाचं

अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत धंद्याचा विषय निघाला की मोटेल, गॅस स्टेशन आणि सँडविचची फ्रँचायझी यांच्या जोडीला हल्ली चौथं नाव येतं: फेडेक्स ग्राउंडचे रूट. आयटीतली नोकरी कधीही जाऊ शकते हे दोन-तीन वर्षांत बऱ्याच जणांनी जवळून पाहिलं आहे. हाताशी थोडी बचत आहे, पुण्यात एखादा फ्लॅट आहे आणि वय अजून धंदा करण्याचं आहे. अशा वेळी ब्रोकरकडून एक पानी माहिती येते. दहा रूट, तेरा ट्रक, वर्षाची उलाढाल १३ लाख ९० हजार डॉलर, नफा ३ लाख १० हजार, मागणी ९ लाख ३० हजार. खाली एक ओळ असते, की मालक आठवड्यातून थोडेच तास लक्ष घालतो.

तीन वर्षांत पैसे वसूल, असं गणित मनात लगेच तयार होतं. वरचे आकडे मी नमुन्यादाखल घेतले आहेत, पण अशा कागदांचा साचा हाच असतो. त्यातला ३ लाख १० हजाराचा आकडा खोटा असेलच असं नाही. मात्र तो विकणाऱ्याचा नफा आहे. तुमचा नफा तुम्हाला स्वतः नव्याने मांडावा लागतो आणि बहुतेक वेळा तो बराच कमी निघतो. तो कसा मांडायचा, हे इथे सविस्तर सांगतो.

विकत नेमकं काय मिळतं

या धंद्याचा इतिहास थोडा माहीत असलेला बरा, कारण आजच्या कराराचं रूप त्यातूनच आलं आहे. पिट्सबर्गमध्ये १९८५ साली रोडवे पॅकेज सिस्टिम नावाची कंपनी सुरू झाली. १९९८ साली ती फेडेक्सकडे आली आणि २००० साली तिचं नाव फेडेक्स ग्राउंड झालं. तिची पद्धत अशी होती की ट्रक ड्रायव्हरचा, ड्रायव्हर स्वतंत्र कंत्राटदार आणि पार्सलं कंपनीची. हे ड्रायव्हर कंत्राटदार नसून कर्मचारीच आहेत, असा दावा अनेक राज्यांत झाला. कॅलिफोर्नियाच्या खटल्यात नवव्या सर्किट न्यायालयाने २०१४ साली ड्रायव्हरांच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी कंपनीने २२ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड मान्य केली. या दाव्यांच्या काळातच कंपनीने एकेकट्या ड्रायव्हरशी करार करणं थांबवलं. त्या जागी आयएसपी ही पद्धत आली, म्हणजे स्वतंत्र सेवा पुरवठादार. २०२० पर्यंत ती देशभर लागू झाली.

या पद्धतीत तुमच्याकडे नोंदणी केलेली कंपनी हवी. ड्रायव्हर तुमच्या पगारपत्रकावर हवेत, त्यांचा कर आणि विमा तुम्ही भरायचा. किमान पाच रूट किंवा दिवसाला ५०० थांबे एवढा आवाका हवा. ठरावीक झिप कोडांचा प्रदेश तुमच्याकडे सोपवला जातो आणि त्यातली प्रत्येक डिलिव्हरी आणि पिकअप तुमच्या माणसांनी करायचं असतं.

म्हणजे ९ लाख ३० हजार मोजून तुम्हाला तीन गोष्टी मिळतात: वापरलेले ट्रक, थांबले तर थांबतील असे ड्रायव्हर आणि फेडेक्सच्या संमतीने तुमच्या नावावर होणारा करार. प्रदेश तुमचा होत नाही. पार्सल पाठवणारे आणि घेणारे तुमचे गिऱ्हाईक नसतात. तुमचं गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे फेडेक्स. भाड्याच्या गाळ्यातलं चालू दुकान घेताना गाळामालक पुढचा करार करेल का हे आपण आधी विचारतो, तसंच इथे आहे. करार साधारण वर्ष-दीड वर्षाचा असतो, तुमचं कर्ज मात्र दहा वर्षांचं. या दोन मुदतींतली तफावत कागदावर कुठेही लिहिलेली नसते. म्हणून चालू करार कोणत्या तारखेला संपतो आणि नूतनीकरणाच्या गेल्या वेळी दर वाढले की घटले, हे पहिल्याच भेटीत विचारा.

दोन खुलासे इथेच करतो. यूपीएसचे ड्रायव्हर हे कंपनीचे कर्मचारी आणि टीमस्टर्स युनियनचे सभासद असतात, त्यामुळे तिथे असे रूट विक्रीला येत नाहीत. फेडेक्समध्येही हब ते हब रात्रीची वाहतूक करणारे लाइनहॉलचे करार वेगळे असतात. तिथे मोबदला मैलावर मिळतो आणि ड्रायव्हरला सीडीएल, म्हणजे व्यावसायिक वाहनचालक परवाना लागतो. हा लेख घरोघर पार्सल पोचवणाऱ्या रूटपुरता आहे.

सेटलमेंटचा कागद वाचायला शिका

पैसे दर आठवड्याला येतात आणि त्यासोबत हिशेबाचा कागद येतो. त्याला सगळे सेटलमेंट म्हणतात. हा धंदा समजून घ्यायला याहून चांगला कागद नाही. त्यात एक ठरावीक साप्ताहिक रक्कम असते, मग थांब्यामागे दर, पार्सलामागे दर आणि इंधनाची भरपाई. सणाच्या हंगामात जादा रक्कमही असते. थांब्यांचेही प्रकार आहेत. ऑनलाइन खरेदीच्या घरगुती पार्सलाचा थांबा आणि नेहमीचा थांबा यांचे दर वेगळे ठरलेले असू शकतात.

एका आठवड्याची सेटलमेंट समोर घेऊन तीन भागाकार करा. एकूण रक्कम भागिले थांबे. थांबे भागिले रूट-दिवस, म्हणजे एक ट्रक एका दिवसात किती थांबे करतो. आणि मैल भागिले थांबे. शेवटचा आकडा सेटलमेंटमध्ये सापडणार नाही, तो ट्रकच्या नोंदींतून काढावा लागेल, पण तो काढाच. दाट वस्तीच्या उपनगरात आणि विरळ ग्रामीण भागात थांब्याचा दर वेगळा ठरवलेला असतो. मात्र ड्रायव्हरचे तास, टायर आणि डिझेल हे मैलांवर जातात. दोन धंद्यांची उलाढाल सारखी असूनही एकाच्या ट्रकांची निम्म्या काळात झीज होते, त्याचं कारण हेच.

विकणारा साधारणपणे गेल्या तीन-चार महिन्यांच्या सेटलमेंट देतो. तेवढ्यावर थांबू नका. थँक्सगिव्हिंग ते ख्रिसमस हा पीकचा काळ असतो. तेव्हा थांबे चढतात, भाड्याच्या व्हॅन आणि मदतनीस लागतात. जानेवारी-फेब्रुवारीत सगळं बसतं. ऑक्टोबर ते डिसेंबरचे आकडे चारने गुणून वर्ष तयार केलेलं असेल तर ते वर्ष कधी आलेलंच नसतं. सलग १०४ आठवड्यांच्या सेटलमेंट मागा, एकही आठवडा न वगळता. त्यांची बेरीज बँकेत जमा झालेल्या रकमेशी जुळली पाहिजे, आणि बँकेतली जमा आयकर विवरणाशी. विवरणाची प्रत विकणाऱ्याकडून घ्याच, पण कर्ज देणारी बँक फॉर्म ४५०६-सी भरून थेट आयआरएसकडून नोंद मागवते. ती नोंद तुम्हीही पाहा.

नफा नव्याने मांडणं

आता नमुन्याच्या कागदाकडे येऊ. दहा रूट आठवड्याचे सहा दिवस चालतात, वर्षाला ३,१२० रूट-दिवस. रविवारी चार रूट, म्हणजे आणखी २०८. एकूण ३,३२८ रूट-दिवस. ड्रायव्हरला दिवसाला १९० डॉलर धरले तर ६,३२,३२० होतात आणि विकणाऱ्याने पगार ६ लाख ४० हजार दाखवला आहे. इथवर ठीक. पगारावरचे कर आणि वर्कर्स कॉम्पेन्सेशन १ लाख ५ हजार, इंधन १ लाख ५५ हजार, दुरुस्ती ६० हजार, वाहनविमा ७० हजार, बाकी किरकोळ ५० हजार. बेरीज १० लाख ८० हजार. उलाढालीतून वजा केले की राहतात ३ लाख १० हजार.

या यादीत एक माणूस नाही. पहाटे फेडेक्सच्या टर्मिनलवर, म्हणजे ट्रक भरले जातात तिथे, जाऊन कोण आलं, कोण आलं नाही हे बघणारा, ट्रक बंद पडला की दुसरा पाठवणारा, फेडेक्सच्या मॅनेजरशी बोलणारा. या धंद्यात त्याला बीसी म्हणतात. विकणारा स्वतःच बीसी होता आणि त्याने स्वतःला पगार लावलेला नाही. तुम्ही नोकरी सांभाळून धंदा करणार असाल तर हा माणूस ठेवावाच लागेल. ६५ हजार पगार आणि त्यावरचे कर धरून ७२ हजार डॉलर. तुम्ही स्वतः बीसी होणार असलात तरी ७२ हजार वजाच करा, कारण तो तुमच्या श्रमाचा मोबदला आहे, गुंतवणुकीवरचा नफा नाही. हा पगार वजा न करण्याची चूक मला सगळ्यांत महागडी वाटते. लोक ९ लाख मोजतात आणि त्या बदल्यात पहाटे पाचला सुरू होणारी एक नोकरी विकत घेतात.

दुसरी गैरहजर गोष्ट म्हणजे ट्रकची झीज. नफा सांगताना ब्रोकर इबिट्डा हा शब्द वापरतो, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा. सॉफ्टवेअरच्या धंद्यात घसारा बाजूला ठेवून बोलणं समजू शकतं. इथे घसारा हाच धंद्याचा एक मुख्य खर्च आहे. दहा रूट मिळून वर्षाला चार लाख मैलांच्या आसपास धावत असतील तर तेरा ट्रकपैकी दरवर्षी दोन बदलावे लागतील, असं धरून चाला. वापरलेला पण चांगला स्टेप व्हॅन ३० हजाराला मिळाला, असं मानलं तरी वर्षाचे ६० हजार झाले.

३ लाख १० हजारांतून ७२ हजार आणि ६० हजार काढले की उरतात १ लाख ७८ हजार. हा तुमचा खरा पाया. ब्रोकर नफ्याच्या तिप्पट किंमत मागतो ना? मग १ लाख ७८ हजारांची तिप्पट ५ लाख ३४ हजार होते. मागणी आहे ९ लाख ३० हजार. सौदा इथूनच सुरू करायचा आणि तो भावनेवर न करता हा कागद टेबलावर ठेवून करायचा. विकणारा म्हणेल की ट्रक नवे आहेत. असतील, तर त्यांचं बाजारमूल्य काढा आणि ६० हजाराचा आकडा त्या प्रमाणात कमी करा. पण शून्य कधीच करू नका.

कर्जाचा हप्ता आणि दोन चाचण्या

असे बहुतेक व्यवहार एसबीए, म्हणजे अमेरिकी सरकारच्या लघुउद्योग खात्याच्या ७(अ) कर्जयोजनेतून होतात. कमाल मर्यादा ५० लाख डॉलर, धंदा खरेदीसाठी मुदत दहा वर्षांपर्यंत, खरेदीदाराचे किमान १० टक्के. मोठ्या कर्जावर व्याज जास्तीत जास्त प्राइम दर अधिक ३ टक्के आणि ते बहुधा बदलतं असतं. २० टक्के किंवा त्याहून अधिक मालकी असलेल्या प्रत्येकाला वैयक्तिक हमी द्यावी लागते. म्हणजे तुमची कंपनी बुडाली तरी हप्ता तुमच्यामागे येतो, आणि घरात शिल्लक भाग असेल तर बँक त्यावरही बोजा मागू शकते. घरी याबद्दल जोडीदाराशी आकड्यांसह बोलणं झालं पाहिजे. सही दोघांची असू शकते.

मागणी मान्य केली असं धरू. ९३ हजार तुमचे, ८ लाख ३७ हजार कर्ज, १०.५ टक्के, दहा वर्षं. महिन्याचा हप्ता सुमारे ११,३०० आणि वर्षाचे सुमारे १ लाख ३५ हजार ५०० डॉलर. विकणाऱ्याच्या नफ्याला या हप्त्याने भागलं तर २.२९ येतात, फारच सुरक्षित. तुमच्या १ लाख ७८ हजारांना भागलं तर १.३१. बँका सहसा १.२५ मागतात, त्यामुळे कर्ज मंजूर होईलही. बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे धंदा तपासला, असं मात्र समजू नका. कर्जाच्या मोठ्या भागाला सरकारची हमी असते. तुम्हाला कुणाचीच नाही.

आता पहिली चाचणी. जवळच ॲमेझॉनचं किंवा वॉलमार्टचं नवं वेअरहाऊस उघडलं आणि ड्रायव्हरचा दिवसाचा दर १९० वरून २०० करावा लागला. ३,३२८ गुणिले १०, म्हणजे ३३,२८० आणि त्यावरचे कर धरून ३६ हजारांच्या आसपास. उरले १ लाख ४२ हजार, गुणोत्तर १.०५. हप्ता जेमतेम निघतो, तुमच्या हातात वर्षाला साडेसहा हजार.

दुसरी चाचणी. उलाढालीपैकी ६० टक्के थांबे आणि पार्सलांवर अवलंबून आहे असं माना आणि पार्सलं ८ टक्क्यांनी घटली. उलाढाल ६६,७२० ने खाली येते. खर्च तेवढा घटत नाही, कारण ८ टक्के कमी पार्सलं घेऊनही ट्रक त्याच गल्ल्यांतून फिरतो आणि ड्रायव्हरचा दिवस तोच. उरतात १ लाख ११ हजार आणि हप्ता १ लाख ३५ हजार ५००. फरक तुमच्या बचतीतून जाणार.

या चाचण्या अतिरेकी वाटत असतील तर २०२० ते २०२२ आठवा. फेडेक्स ग्राउंडने जानेवारी २०२० पासून बहुतेक अमेरिकेत आठवड्याचे सातही दिवस डिलिव्हरी सुरू केली. पाठोपाठ कोविड आला, पार्सलं वाढली, रूटच्या किमती चढल्या. त्या चढत्या आकड्यांवर अनेकांनी खरेदी केली. २०२२ मध्ये डिझेल आणि पगार वाढले, पार्सलं घटली. टेनेसीतल्या पॅटन लॉजिस्टिक्सकडे दहा राज्यांत २२५ रूट होते. तिचे प्रमुख स्पेन्सर पॅटन यांनी त्या उन्हाळ्यात उघडपणे सांगितलं की कंत्राटदार तोट्यात जात आहेत आणि दर वाढवले पाहिजेत. फेडेक्सने त्यांच्यावर दावा लावला आणि ऑगस्टमध्ये त्यांच्या कंपनीचे करार संपवले. कोणाची बाजू बरोबर, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी २२५ रूटवाल्याला दराच्या वाटाघाटीत काय मिळालं हे दहा रूट घेणाऱ्याने लक्षात ठेवावं.

ओव्हरटाइम: सगळ्यांत जास्त लपलेला खर्च

ड्रायव्हरला दिवसाचा ठरलेला दर द्यायचा, मग आठ तास लागोत की अकरा, ही या धंद्यातली सर्रास पद्धत. ती मुळात बेकायदा नाही. पण संघराज्याच्या कायद्यात ट्रकड्रायव्हरला ओव्हरटाइममधून जी सूट आहे ती १०,००० पौंडांहून अधिक एकूण वजनमर्यादेच्या वाहनांसाठी आहे. मोठा स्टेप व्हॅन त्यात बसतो. फोर्ड ट्रान्झिटसारख्या व्हॅनची बरीच मॉडेलं या मर्यादेच्या आत आहेत, आणि ती चालवणाऱ्याला ४० तासांपुढे ओव्हरटाइम द्यावा लागतो. काही राज्यांचे कायदे याहून कडक आहेत.

हिशेब असा. १९० डॉलरने पाच दिवस, रोज दहा तास. आठवड्याचे ९५०, भागिले ५० तास, म्हणजे तासाला १९. चाळिसाच्या वरच्या दहा तासांसाठी अर्धा दर जादा, म्हणजे साडेनऊ गुणिले दहा, ९५ डॉलर. अशा व्हॅनवर पाच ड्रायव्हर असतील तर वर्षाला २४,७०० डॉलर. विकणाऱ्याने ते दिलेलेच नसतील तर त्याच्या नफ्यातले २४,७०० खोटे आहेत. शिवाय ड्रायव्हर मागच्या दोन वर्षांची बाकी मागू शकतात. उल्लंघन जाणूनबुजून केलेलं असेल तर तीन वर्षांची. तुम्ही कंपनी न घेता फक्त मालमत्ता घेतली म्हणून सुटाल, अशी खात्री नाही. २०१३ साली सातव्या सर्किट न्यायालयाने मालमत्ता विकत घेणाऱ्यालाही जुन्या वेतनबाकीसाठी जबाबदार धरलं आहे.

म्हणून पगाराचा नुसता आकडा नको, तासांसह पगारपत्रक मागा. पगार आणि त्यावरच्या करांचे दर तिमाहीला भरलेले फॉर्म ९४१ मागा. नफा-तोटा पत्रकात पगार ६ लाख ४० हजार आणि चार ९४१ ची बेरीज ७ लाख असेल तर ६० हजारांचा नफा कागदावरचाच होता. उलटं असेल, ९४१ मध्ये पगार कमी असेल, तर काही माणसांना रोखीत पैसे दिले जात आहेत आणि तो धोका तुमच्याकडे येणार. वर्कर्स कॉम्पेन्सेशनच्या विमा कंपनीकडून गेल्या काही वर्षांच्या दाव्यांचा इतिहासही घ्या. पाठ धरली, कुत्रा चावला, बर्फावरून घसरला, असे दावे या कामात होतात आणि पुढचा हप्ता त्यावर ठरतो.

ट्रकच्या खाली वाकून पाहा

तेरा ट्रकची यादी मिळाली की व्हीआयएन क्रमांक, मॉडेलचं वर्ष आणि मैल तपासा. प्रत्येक ट्रक स्वतंत्र मेकॅनिककडून तपासून घ्या. खर्च होईल, करा. थंडीच्या राज्यांत रस्त्यावरच्या मिठाने चासीला गंज चढतो, वरून पांढरा रंग नवा असला तरी. मागच्या पायरीजवळची पत्र्याची पट्टी, ब्रेकच्या नळ्या आणि मागचे जोडटायर बघा. दुरुस्तीची बिलं तारखेनुसार लावा. विक्रीच्या आधीच्या सहा महिन्यांत दुरुस्तीचा खर्च अचानक घटला असेल तर त्या दुरुस्त्या तुमच्यासाठी राखून ठेवल्या आहेत असं समजा. ट्रकवर कोणाचं कर्ज आहे का, हे राज्याच्या यूसीसी नोंदीत, म्हणजे तारण मालमत्तेच्या नोंदवहीत, शोधून घ्या. बोजा सुटल्याचं पत्र आल्याशिवाय पैसे सोडू नयेत.

आणि एक दिवस पहाटे टर्मिनलजवळ जा. ट्रक किती वाजता निघतात, किती उभेच राहतात, ड्रायव्हर एकमेकांशी काय बोलतात, हे कोणत्याही फाइलमध्ये मिळत नाही.

नेटवर्क २.०

१ जून २०२४ रोजी फेडेक्सने एक्सप्रेस आणि ग्राउंड या दोन कंपन्या एका छत्राखाली आणल्या. एकाच गल्लीत एक्सप्रेसची आणि ग्राउंडची अशा दोन गाड्या जाऊ नयेत, हा नेटवर्क २.० या योजनेचा हेतू. काही बाजारांत एक्सप्रेसची पार्सलं कंत्राटदारांकडे आली, तर काही ठिकाणी कंपनीचे कर्मचारीच सगळं काम बघू लागले. कॅनडात कंपनीने कंत्राटदारांची पद्धत बंद करून कर्मचाऱ्यांकडे काम देण्याचा निर्णय घेतला. तुमचा टर्मिनल या बदलातून गेला आहे का? नसेल तर कधी जाणार? जाऊन झाला असेल तर त्यानंतरच्या सेटलमेंटच खऱ्या, आधीच्या इतिहासजमा. हा बदल एखाद्या प्रदेशाचं सोनं करेल आणि दुसऱ्याची मुदत संपवेल, म्हणून देशभरची सरासरी सांगणाऱ्या ब्रोकरचा इथे उपयोग नाही.

आपल्या लोकांसाठी दोन खास गोष्टी

पहिली व्हिसाची. भारतीय नागरिकांना ई-२ गुंतवणूकदार व्हिसा मिळत नाही, कारण भारताचा अमेरिकेशी तसा करार नाही. एच-१बी वर असलेला माणूस पैसे गुंतवू शकतो, पण रूटवर जाऊन काम करणं, ड्रायव्हर ठरवणं, पगार काढणं हे त्याला नियमाने करता येत नाही. मग नावापुरती बायको मालक आणि प्रत्यक्षात आपण, असं कोणी सुचवलं तर त्यापासून दूर राहा. एच-४ वर काम करण्याची परवानगी असलेली पत्नी स्वतः धंदा चालवणार असेल तर तो वेगळा, कायदेशीर मार्ग आहे. एसबीए कर्जाचे नागरिकत्वाचे नियम मात्र २०२५ पासून फार कडक झाले आहेत. आता तात्पुरत्या व्हिसावरच्या व्यक्तीची थोडीही मालकी चालत नाही आणि ग्रीन कार्डधारकांबाबतचे नियमही बदलले आहेत. बयाणा देण्याआधी आपण पात्र आहोत असं बँकेकडून लेखी घ्या.

दुसरी गोष्ट भारतातल्या पैशाची. पुण्या-नाशिकचा फ्लॅट विकून भांडवल आणायचं असेल तर एनआरओ खात्यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते, कर भरल्याचे दाखले जोडून. आईवडील भारतातून पैसे पाठवणार असतील तर एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि १० लाख रुपयांवरच्या रकमेवर सध्या २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, बँक आधीच वसूल करते. तो पुढे विवरणात परत मिळतो, पण तोवर अडकून पडतो. आणि आईवडिलांचा म्हातारपणाचा पैसा या धंद्यात घालू नका, असं माझं ठाम मत आहे. वरच्या दोन चाचण्यांत तो कुठे जातो हे आपण पाहिलं.

कराबद्दल एकच सांगतो. किमतीतला ट्रकचा भाग आणि नावलौकिकाचा भाग फॉर्म ८५९४ मध्ये दोघांनी सारखाच दाखवायचा असतो. ट्रकचा घसारा लवकर काढता येतो, नावलौकिकाचा मात्र १५ वर्षांत समान. हप्त्यातला मुद्दलाचा भाग नफ्यातून वजा होत नाही आणि तो वर्षागणिक वाढत जातो. पहिल्या वर्षी सगळा घसारा वापरून टाकला तर पाचव्या-सहाव्या वर्षी हातात पैसा नसताना कर भरायची वेळ येते. या प्रकारचे व्यवहार आधी केलेला सीपीए शोधा.

खेळतं भांडवल वेगळं ठेवा. नमुन्यातल्या धंद्याचा आठवड्याचा खर्च सुमारे २०,७७० डॉलर आहे. चार आठवड्यांचे ८३ हजार बँकेत असल्याशिवाय पहिला दिवस सुरू करू नका. ताबा मिळाल्या आठवड्यातच इंजिन जाऊ शकतं आणि दोन ड्रायव्हर पीकच्या तोंडावर सोडून जाऊ शकतात. हे ८३ हजार तुमच्या ९३ हजारांखेरीजचे आहेत. सगळी बचत सुरुवातीच्या १० टक्क्यांत संपत असेल तर तो धंदा तुमच्या आवाक्याबाहेरचा आहे, कितीही चांगला असला तरी.

करारात चार अटी घालून घ्या. फेडेक्सची संमती न आल्यास बयाणा पूर्ण परत. किमतीतला काही भाग विकणाऱ्याने उधार ठेवायचा आणि पहिल्या वर्षाची उलाढाल ठरलेल्या आकड्याखाली गेली तर त्यातून वजावट. जुन्या वेतन आणि कराच्या बाकीची जबाबदारी विकणाऱ्याची, त्यासाठी काही रक्कम एस्क्रोत. आणि विकणाऱ्याने किमान एक पीक पार पडेपर्यंत सोबत राहायचं. पहिल्या तीन अटींना नकार देणारा विकणारा स्वतःच्या आकड्यांवर विश्वास ठेवत नाही, असा त्याचा अर्थ घ्या.

१०४ आठवड्यांच्या सेटलमेंट, आठ तिमाहींचे ९४१ आणि तासांसह पगारपत्रक, हे तीन कागद मिळेपर्यंत कोणत्याही इराद्यापत्रावर सही करू नका. हे कागद द्यायला विकणारा तयार नसेल तर तिथेच थांबा आणि दुसरा धंदा बघा.